तिसऱ्या पाळीचे काका

आमचे घरमालक संध्याकाळी पाचला उठायचे. दुपारची डुलकी नव्हे, चांगली रात्रीची म्हणावी अशी झोप काढून. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा सावरत ते मागच्या अंगणात यायचे आणि नळाशी उभं राहून दात घासायचे. अंगणात काकूंच्या पाळणाघरातली मुलं त्यांची वाटच बघत असायची. तोंड धुऊन झालं की काका टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि मुलांकडे वळून म्हणायचे, "सुप्रभात, मंडळी."

मंडळींमधलं कुणीही पाच वर्षांच्या वर नव्हतं. ती एका सुरात म्हणायची, "सुप्रभात, काका."

त्या वेळी पलीकडे द्वारकेच्या चौकात ट्रक, रिक्षा, बस यांचा गुंता झालेला असायचा आणि सगळं नाशिक घरी जायच्या घाईत असायचं. आमच्या अंगणात मात्र सकाळ झालेली असायची.

काका सातपूरच्या एका कारखान्यात होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तिसऱ्या पाळीत काढली, तीही मागून घेऊन. बाकीचे लोक रात्रपाळी टळावी म्हणून साहेबांच्या मागे लागायचे, हे ती मिळावी म्हणून. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "दिवसा मशीनपेक्षा साहेबांचा आवाज जास्त. रात्री फक्त मशीन बोलतं. आणि ते कामापुरतंच बोलतं." निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, आता तरी हे माणसांच्या वेळेवर येतील. ते आले नाहीत. काकू म्हणायच्या, "आमचा संसार रोज संध्याकाळी पाच ते दहा एवढाच झाला. म्हणून तर टिकला."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. द्वारकेपासून जवळच एका खासगी हॉस्पिटलात मी नर्स होते, अजूनही आहे. नवरा ट्रकवर. लासलगावहून कांदा भरला की कधी कोलकाता, कधी त्याच्याही पुढे. गेला की आठवडा-पंधरवडा त्याचा फक्त आवाज घरात यायचा. लेक ओवी तेव्हा चार वर्षांची. दिवसपाळी असली की ती दिवसभर काकूंच्या पाळणाघरात, आणि मला नाइट लागली की रात्रीही काकूंकडेच.

काकांची एक रीत माझ्या अंगवळणी पडायला वेळ लागला. ते मोठ्यांना अरे-तुरे करायचे आणि लहानांना अहो-जाहो. मी त्यांच्यासाठी "काय गं सिस्टर" होते, पण माझी मुलगी "ओवीताई". "ओवीताई, आपण दूध संपवणार आहात की मी मांजरीला बोलावू?" असं ते विचारायचे, आणि ओवीसुद्धा तेवढ्याच इतमामाने म्हणायची, "थांबा, विचार करते." कुणीतरी त्यांना याचं कारण विचारलं होतं. ते म्हणाले होते, मोठ्यांना मान द्यायला जग आहे.

पाळणाघरात पाच ते सात ही वेळ वाईट. दुपारपर्यंत मुलं खेळतात, झोपतात, खातात. पाचनंतर मात्र प्रत्येकाचा एक कान फाटकाकडे लागतो. कडी वाजली की सगळी माना वळवतात, आणि ज्याची आई आलेली असते तो धावत सुटतो, बाकीच्यांचे चेहरे उतरतात. शेवटी राहणाऱ्या दोघा-तिघांची तर दशा बघवत नाही. ओवी बहुतेकदा त्या दोघा-तिघांत असायची.

ही वेळ काकांनी आपल्याकडे घेतली. घराच्या मागे तेव्हा एक मळा शिल्लक होता. आजूबाजूला इमारती उठल्या तरी मालकाने झेंडू, शेवंती सोडली नव्हती. मळ्याच्या बांधावर मोठा वड होता आणि त्या वडावर वटवाघळांची वसाहत. दिवसा बघावं तर झाडाला काळ्या छत्र्या टांगून ठेवल्यासारख्या दिसायच्या. काका कुंपणाशी सतरंजी अंथरायचे, राहिलेल्या मुलांना बसवायचे, आणि स्वतः चहाचा कप घेऊन शेजारी टेकायचे. तो त्यांचा सकाळचा चहा.

"आता तिसऱ्या पाळीचा भोंगा होईल," ते म्हणायचे. "पहिली पाळी चिमण्यांची, ती सुटली. कावळेही घरी चालले. आता हे कामावर निघणार. अंधार पडला म्हणजे काम थांबलं असं नाही मंडळी, फक्त पाळी बदलली."

आधी घराच्या पत्र्याखालून छोट्या पाकोळ्या, वटवाघळांचीच लहान जात, सुर्रकन बाहेर पडायच्या आणि रस्त्यावरच्या दिव्याभोवती किडे टिपत फिरायच्या. मग वडावर कुरबुर सुरू व्हायची. एक छत्री उघडायची, खाली सुटायची, आणि पंख पसरून आमच्या डोक्यावरून गोदावरीच्या दिशेने निघायची. तिच्या मागे दुसरी, तिसरी, मग रांगच. मुलं हात हलवून "टाटा" करायची. काकांना ते पसंत नव्हतं.

"टाटा नाही. कामावर जाणाऱ्याला काय म्हणतात?"

"या हं," मुलं म्हणायची.

मग रोज संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणातून आभाळाकडे बघत "या हं, या हं" असा गजर चालायचा. कामावरून थकून आलेल्या एखाद्या आईला फाटकात उभं राहून तो संपेपर्यंत थांबावं लागायचं, कारण पोरगं मध्येच उठायला तयार नसायचं.

काकांना वटवाघळांबद्दल फार माहिती होती असं नाही. मुलांनी विचारलं की ते शोधायचे. कधी मोबाइलवर, कधी नुसतं बघून. एकदा कुणीतरी विचारलं, "काका, ही उलटी लटकतात तर शू कशी करतात? तोंडावर नाही येत?" काका विचारात पडले. दुसऱ्या दिवशी ते दुपारी तीनला उठले. त्यांच्या हिशेबाने ती मध्यरात्र. पुतण्याची दुर्बीण घेऊन ते कुंपणाशी उभे राहिले, आणि संध्याकाळी मुलांसमोर त्यांनी अंगणातल्या लोखंडी पाइपला लोंबकळून प्रात्यक्षिक दाखवलं. "असं. एरवी पायांनी धरतात ना, तर त्या वेळेपुरतं अंगठ्यांनी धरायचं, डोकं वर, पाय खाली. काम उरकलं की पुन्हा उलटं." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "एवढंच राहिलं होतं," असं म्हणून त्या आत गेल्या. मुलांनी मात्र ते प्रात्यक्षिक आपापल्या घरी जाऊन करून दाखवलं, आणि आठवडाभर काकूंना पालकांच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट अशी, की सुरुवातीला काकांनी मुलांना सांगितलं होतं, वटवाघळांना दिसत नाही, ती फक्त आवाजावर उडतात. पुढे त्यांनी कुठंतरी वाचलं की मोठ्या, फळं खाणाऱ्या वटवाघळांना चांगलं दिसतं. त्या संध्याकाळी ते फाटकात उभे राहिले. जाणाऱ्या प्रत्येक मुलापुढे वाकून म्हणाले, "मी आपल्याला चुकीचं सांगितलं होतं. यांना दिसतं." अडीच वर्षांच्या मुलालाही त्यांनी हे सांगितलं. त्याने मान डोलावली आणि काकांच्या हातातलं बिस्किट घेतलं.

मी नाइटला निघाले की ओवी रडायची. दाराला धरून, माझ्या पिशवीला धरून. काकू तिला ओढून घ्यायच्या आणि मी मागे न बघता निघायचे. एका संध्याकाळी ती रडत असताना काका चहा घेऊन शेजारी बसले. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "त्या वडावर सध्या पिल्लं आहेत. लहान होती तेव्हा आई त्यांना छातीशी घेऊन उडायची. आता ती जड झालीत. आता झाडावरच ठेवून जाते."

ओवीचं रडणं थांबलं. "एकटी?"

"शेजारची पिल्लं असतात की. पाळणाघरच ते."

"काकू कोण असते?"

"काकू नसते. एकमेकांना धरून राहतात."

"मग आई?"

"आई पहाटे येते. एवढ्या सगळ्या पिल्लांत आपल्याच पिल्लाचा आवाज ओळखते."

ओवीने थोडा वेळ वडाकडे बघितलं आणि मला विचारलं, "तू ओळखशील?"

"ओळखेन," मी म्हटलं.

त्या दिवशी तिने माझी पिशवी सोडली. सकाळी मी फाटकाची कडी काढली तर काकूंच्या खोलीतून "ची, ची" असा बारीक आवाज आला. मग ते रोजचंच झालं. महिनाभर माझ्या नाइट सुखाच्या गेल्या.

एप्रिलमध्ये ऊन फार तापलं. एका संध्याकाळी वडाखाली एक पिल्लू पडलेलं मुलांना दिसलं. मळेवाले दादा म्हणाले, "उन्हाच्या तलखीनं पडत्यात. लय नाजूक जात." काकांचा नियम पक्का होता: वटवाघळाला कुणी हात लावायचा नाही, मेलेल्याला नाही, जिवंतालाही नाही. मुलं सतरंजीवरच बसून राहिली. काकांनी जखमी पक्षी-प्राणी वाचवणाऱ्या एका मुलीला फोन लावला. तिने सांगितलं तसं त्यांनी कारखान्यातले जुने कातडी हातमोजे घातले, पिल्लाला टॉवेलात उचलून प्लॅस्टिकच्या टोपलीत ठेवलं आणि टोपली दोरीने वडाच्या खालच्या फांदीला उंच बांधली. रात्री आई येऊन घेऊन जाण्याची शक्यता असते, असं ती मुलगी म्हणाली होती.

एका मुलाचे वडील तेवढ्यात न्यायला आले आणि भडकले. "काका, कोरोना होऊन गेला तरी तुम्हाला कळत नाही का? ही घाण मुलांसमोर कशाला आणता?"

"मुलं लांब आहेत. हात मी लावला, तोही मोजे घालून," काका म्हणाले. "तुझी भीती खोटी नाही. म्हणूनच हात लावू नये हे त्यांना शिकवतोय."

"मी उद्यापासून पाठवणार नाही," असं म्हणून ते मुलाला घेऊन गेले.

काका त्याने विचलित झाले असावेत. एरवी ते बोलताना शब्द जपून वापरत. त्या संध्याकाळी मात्र घाबरलेल्या मुलांकडे बघून म्हणाले, "काळजी नको. आई येईल. सकाळी बघा, टोपली रिकामी असेल."

मला नाइट होती. मी हे ऐकूनच निघाले.

सकाळी परतले तेव्हा "ची, ची" ऐकू आलं नाही. मागच्या अंगणात काका स्टुलावर बसले होते आणि काकू त्यांच्याशी हळू आवाजात भांडत होत्या. टोपली रिकामी झाली नव्हती.

"आली होती म्हणून सांगून टाका," काकू म्हणत होत्या. "ती मुलगी येईल आणि पिल्लू घेऊन जाईल. टोपली रिकामीच दिसेल पोरांना. कुणाला कळणार आहे?"

"मला," काका म्हणाले.

मीही काकूंच्या बाजूने बोलले. म्हटलं, "काका, लहान आहेत ती. कशाला?"

काका उठून फाटक उघडायला गेले. ती मुलगी स्कूटरवर आली, पिल्लू जिवंत आहे म्हणाली आणि खोक्यात घालून घेऊन गेली. एरवी या वेळेला काका अंथरुणात असत. त्या दिवशी ते पाळणाघर भरेपर्यंत जागे राहिले. मुलं जमल्यावर त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"मंडळी, मी रात्रभर बघत होतो. आई आली नाही. पिल्लू बरं आहे, एक ताई त्याला दूध पाजणार आहेत. पण आई आली नाही."

ओवीने विचारलं, "का नाही आली?"

"मला माहीत नाही."

"हरवली?"

"असेल. तारेत अडकली असेल. मेलीही असेल. मला खरंच माहीत नाही, ओवीताई. काल मी 'येईल' म्हणालो ते माहीत नसताना म्हणालो. ते माझं चुकलं."

बाकीची मुलं थोड्या वेळाने खेळायला लागली. ओवी नाही लागली. त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा ती रडली नाही, ओरडलीही नाही. माझ्या पदराची गाठ स्वतःच्या फ्रॉकच्या बंदाला बांधून बसली होती. ती सोडवून मी निघाले. दुसऱ्या संध्याकाळी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तरी मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "निफाडला माझ्या आईकडे ठेव तिला. शाळेत जाईपर्यंत वर्षभराचा तर प्रश्न आहे." मी ओवीचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

काकांशी मी जरा कडकच बोलले. "तुम्हीच शिकवलंत ना तिला, आई येते म्हणून. आणि तुम्हीच मोडलंत. आता रविवारी मी तिला निफाडला सोडते."

ते ऐकून घेत उभे राहिले. म्हणाले, "रविवारपर्यंत वेळ आहे ना?"

त्या संध्याकाळी ते इस्त्रीची पॅन्ट-शर्ट घालून फाटकात उभे होते. मी त्यांना पायजम्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. काका कधी द्वारकेकडे फिरकत नसत, ती गर्दी त्यांना सोसत नसे.

"ओवीताई," ते म्हणाले, "आई कामावर जाते म्हणजे नक्की कुठं जाते, ते आपण पाहिलंय का?"

ओवीने नकारार्थी मान हलवली.

"मग ऐकीव गोष्टीवर कशाला विश्वास ठेवायचा? चला, बघून येऊ."

आम्ही तिघं चालत निघालो. चौक ओलांडताना ओवीने काकांचा हात धरला होता की काकांनी तिचा, सांगता येणार नाही. हॉस्पिटलच्या फाटकाशी ते थांबले. "कुठल्या मजल्यावर?" त्यांनी विचारलं. मी वर जाऊन वॉर्डाच्या खिडकीतून हात हलवला. ओवी टाचा उंचावून बघत होती. काकांनी तिला कठड्यावर उभं केलं. बराच वेळ ती दोघं तिथं होती. माझ्यासोबतच्या सिस्टरने विचारलं, "कोण गं ते? सासरे?" मी म्हटलं, "घरमालक."

सकाळी सुटले तेव्हा ती दोघं पुन्हा फाटकाशी. ओवी पेंगुळलेली, काकांचे डोळे लाल. "आपण स्वतः येऊन खात्री करायची म्हटलं," काका म्हणाले. ओवीने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, जणू मी तीच आहे की नाही हे ठरवत होती. मग जवळ आली.

त्या आठवड्यात रोज हेच. संध्याकाळी सोडायला यायचं, सकाळी न्यायला यायचं. तिने काकांना विचारलं होतं, आई रात्री काय करते. त्यांनी ते उत्तर माझ्यावर सोपवलं. मग येता-जाता मी तिला सांगायला लागले: कुणाला सलाइन लावलं, कुठली आजी पाणी मागत होती, कुणाचं बाळ रात्री जन्माला आलं. याआधी मी हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. लहान आहे, काय कळणार, असं वाटायचं. चहावाला तिला ओळखायला लागला. वॉचमन "आली का मॅडम" म्हणायचा. रविवार आला आणि गेला. मी निफाडला गेले नाही. कपड्यांची पिशवी तशीच भरलेली होती, त्यातले फ्रॉक काढून मी तिला घालत होते.

पिल्लाचंही पुढे बरं झालं. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी काका त्या मुलीला फोन लावायचे आणि स्पीकर सुरू करायचे. आज किती दूध प्यायलं, आज केळं खाल्लं, आज पंख पसरले. पावसाळ्यात तिने त्याला आणखी काही पिल्लांसोबत निफाडकडच्या एका वनराईत सोडलं. ते भडकलेले वडीलही मुलाला परत घेऊन आले होते. काकांनी कारण विचारलं नाही. फक्त मुलाला म्हणाले, "यावं साहेब, आपली जागा रिकामी आहे."

आता आम्ही पाथर्डी फाट्याला स्वतःच्या घरात राहतो. त्या मळ्यात इमारत झाली, वड मात्र कडेला राहिला आहे आणि वटवाघळंही. काका अजून पाचलाच उठतात. मागच्या दिवाळीत मी चुकून सकाळी अकराला फोन केला, तर काकूंनी कुजबुजत मलाच झापलं: "रात्रीचं कुणी फोन करतं का?"

हॉस्पिटलच्या फाटकाशी होणाऱ्या त्या भेटी किती चालल्या, मी मोजलं नाही. एका सकाळी मी बाहेर आले तर काका एकटेच उभे होते. मी धावतच त्यांच्याजवळ गेले.

"ओवी कुठंय? ताप आला का?"

"नाही नाही," काका म्हणाले. "त्यांना उठवलं मी. चला म्हटलं, वेळ झाली. तर म्हणाल्या, तुम्ही जा. आई येतेच आहे. आणि कूस बदलून झोपल्या."

"मग तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?"

काका जरा ओशाळले. चष्मा काढून पुसायला लागले. "तुला कळायला नको का?" ते म्हणाले. "तू फाटकात शोधत बसली असतीस."

आम्ही दोघं चालत घरी आलो. काका जांभई देत आपल्या खोलीत झोपायला गेले. मी काकूंच्या खोलीत गेले. ओवी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी चपला काढून आवाज न करता तिच्याजवळ आडवी झाले. तिने डोळे उघडले नाहीत. थोडी सरकली फक्त, आणि मला जागा करून दिली.